तिसऱ्या पाहुण्याचं घड्याळ

चहाचा ग्लास हातात आला की आमचे साहेब आधी तो खिडकीकडे धरून बघत. मग शेजारी बसलेल्याच्या ग्लासाशी अदलाबदल करत. नवा माणूस असला तर दचकायचा, आम्हाला सवय झाली होती. एकदा कँटीनवाला वैतागून म्हणाला, "साहेब, मी काय जहर टाकून राहिलो का चहात?"

"तू नाई टाकनार गा," ते म्हणाले. "पन तुह्या चहात काय पडलं, हे तुले तरी कुठं माईत आहे?"

अशा माणसाच्या हाताखाली मी नोकरीची पहिली वर्षं काढली. ऐंशीच्या दशकात नागपुरातल्या एका सरकारी कॉम्प्युटर केंद्रात ते सिस्टीम विभागाचे प्रमुख होते आणि मी नुकतीच लागलेली प्रोग्रामर. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'शंकासूर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. हे नाव कोणी ठेवलं याचाही त्यांनी तपास केला होता म्हणे, आणि संशय तिघांवर येऊन थांबला होता. त्या तिघांशी ते पुढेही पूर्वीसारखंच बोलत. म्हणजे सगळ्यांशी बोलत तसंच, जपून.

मूळचे नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातले. घरची संत्र्याची बाग. शिकून मोठे साहेब झाले तरी भाषा गावचीच ठेवली होती, आणि मोठमोठ्या बैठकांतही ती बदलत नसत. बाजारात संत्री घ्यायला गेले की टोपली उपडी करायला लावत. दुकानदार कुरकुरला तर म्हणत, "वरचे मोठे कोन लावते अन खाली काय दडवते, ते मी लहानपनी सोताच करत होतो." एसटीत बसायचं तर आधी पाटी वाचायची, मग कंडक्टरला विचारायचं, मग ड्रायव्हरला, आणि गाडी सुटल्यावर शेजारच्या म्हातारीला, "आजी, हे काटोलवरूनच जाते ना?" मुंबईला कंपनीला पत्र टाकलं की त्याच पेटीत स्वतःच्या घरच्या पत्त्यावर एक कोरं पोस्टकार्ड टाकत. ते घरी पोहोचलं की मगच मुंबईचं पत्र निघालं असं धरत. आणि मशीनची जाडजूड पुस्तकं नेहमी शेवटून वाचत, कारण चुकांची यादी शेवटी असते. "पयले याचं काय काय बिघडते ते सांग. मंग गुन सांग."

कोणालाही ते 'तू' म्हणत नसत. कँटीनवाल्याचा काय तो अपवाद. शिपायालाही 'तुमी'. "तू म्हटलं की मानूस सैल होते," असं त्यांचं मत होतं. कोण सैल होतं, बोलणारा की ऐकणारा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता त्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच घडलं.

आमच्याकडे एकच मोठं मशीन होतं. लोखंडी कपाटांची एक रांग, काचेची खोली, बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि आत स्वेटर घालून बसलेले आम्ही. पण त्या एका मशीनच्या आत चार मशीन होती, आणि चारातलं एकही खरं नव्हतं. मूळ मशीनवर चालणारा एक मोठा प्रोग्राम आपल्या वेळेचे आणि जागेचे तुकडे करून चार वेगवेगळ्या खात्यांना द्यायचा आणि प्रत्येकाला भासवायचा की हे सगळं मशीन तुझ्या एकट्याचंच. कंपनीच्या पुस्तकात त्या चार आभासी मशीनना 'पाहुणे' म्हटलं होतं. साहेबांना तो शब्द पटला होता. "पाहुन्याले वाटते सगळं घर आपल्यासाठीच सजवलं. त्याले काय माईत, बाजूच्या खोलीत आनखी तिघं हायेत."

या पाहुण्यांची एक अडचण होती. मूळ मशीन कामात असलं की एखादा पाहुणा मधेच काही क्षण थांबवला जायचा. त्याला स्वतःला ते कळायचं नाही. झोपेतून उठल्यासारखा तो मागच्या वेळेपासून पुढे मोजायला लागायचा, आणि त्याचं घड्याळ मागे पडायचं. म्हणून प्रत्येक पाहुण्याच्या आत एक छोटा मदतनीस प्रोग्राम बसवावा लागे. तो मूळ मशीनकडून खरी वेळ विचारून घेई आणि पाहुण्याचं घड्याळ लावत राही. नीट बसला असेल तर तो आहे हे कोणाच्या लक्षातही येत नसे.

पहिल्यांदा तो बसवायला मुंबईहून कंपनीचा इंजिनिअर आला. एप्रिल महिना आणि गळ्यात टाय. तीन दिवस काम करून त्यानं चारही पाहुण्यांवर मदतनीस चालवून दाखवला आणि सहीसाठी कागद पुढे केला.

"बंद करून चालू करून पाह्यलं का?" साहेबांनी विचारलं.

"त्याची गरज नाही. चारही ठिकाणी चालतोय, तुम्ही आत्ताच पाहिलंत."

"ते पाह्यलं. मी इचारलं, बंद करून चालू करून पाह्यलं का?"

"सगळं बंद करून पुन्हा उठवायला पाऊण तास लागतो. आणि माझी गाडी आहे संध्याकाळची."

साहेब उठले, कन्सोलपाशी गेले आणि चारही खात्यांना फोन करून काम थांबवायला सांगितलं. मग एकेक पाहुणा बंद केला, मशीन बंद केलं, आणि शेवटी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. खोलीत इतकी शांतता पसरली की इंजिनिअरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. दहा मिनिटं ते तसेच स्विचपाशी उभे राहिले. मग वर ओढला.

पाऊण तासानं पाहुणे उठले. साहेबांनी मुद्दाम हातानं वेळ भरली नव्हती, तरी तिघांची घड्याळं बरोबर होती. चौथ्याचं कुठल्यातरी जुन्या वर्षाची मध्यरात्र दाखवत होतं. मदतनीस आत होता, पण मशीन उठताना कोणाकोणाला जागं करायचं त्या यादीत त्याचं नावच नव्हतं. इंजिनिअरनं हातानं सुरू केलेला, तेवढाच तो चालला होता.

इंजिनिअरनं टाय सैल केला. त्याची गाडी गेली. साहेब त्याच्यावर रागावले नाहीत, उलट त्याला घरी जेवायला घेऊन गेले. जाताना आम्हाला म्हणाले, "चालू मशीनवर काईबी चालते. झोपून उठल्यावर त्याले आठवते का, ते पाहा."

त्या दिवसापासून केंद्रात कुठलंही काम 'झालं' म्हणायचं तर एकच प्रश्न येई. बंद करून चालू करून पाह्यलं का? शिपायानं पंखा दुरुस्त करून आणला तरी.

आमचं घर नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत. बाबा कापडगिरणीत कामाला. छपन्न साली आईबाबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतर घरात एकच गोष्ट पक्की होती, की मुलं शिकणार. मी गणितात एम.एस्सी. केलं आणि खुल्या जागेवर निवडून आले. पण केंद्रात पहिल्याच महिन्यात 'कोट्यातून आलेली' हे माझ्या कानावर पडलं. गुणपत्रिका गळ्यात अडकवून तर फिरता येत नाही. म्हणून मी ठरवलं, चूक करायचीच नाही.

आणि साहेब माझं काम ओळ न् ओळ तपासत. लाल पेन्सिल घेऊन, दोनदा, कधी तीनदा. शेजारच्या टेबलावरच्या बाई एकदा सहज म्हणाल्या, "माझं काम इतकं नाही हो बघत ते." एवढं पुरेसं होतं. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक प्रश्नात मला दुसराच प्रश्न ऐकू येऊ लागला. ते सगळ्यांवर संशय घेतात हे मला दिसत होतं, पण माझ्यावर घेतात तो वेगळा, असं मी मनाशी धरून बसले. त्यांच्या संशयाला आम्ही हसत होतो. माझ्या संशयाची मला स्वतःलाच कल्पना नव्हती.

दीडेक वर्षानं कंपनीकडून मदतनिसाची नवी टेप आली. या वेळी इंजिनिअर आला नाही, आम्हीच बसवायचं ठरलं. साहेबांनी पाहुणे वाटून दिले. तिसरा माझ्याकडे आला. तो परीक्षा विभागाचा होता. नोकरभरतीच्या परीक्षांचे गुण त्याच्यावर चढवले जात आणि निवडयाद्या तिथून छापल्या जात.

जुना मदतनीस काढला, टेप लावली, नवा उतरवला, हातानं सुरू केला. घड्याळ सेकंदाला सेकंद जुळलं. मग उठवायच्या यादीत त्याचं नाव टाइप केलं. दुपारपर्यंत माझं काम झालं होतं. साहेब दारात आले.

"बंद करून चालू करून पाह्यलं का?"

मी पाहिलं नव्हतं. पाहायचं होतं, पण त्या क्षणी माझ्यात काहीतरी ताठ झालं. मला ना बस गाठायची होती, ना घरी काही काम होतं. एकदा, फक्त एकदा, या माणसानं माझ्या शब्दावर थांबावं, एवढंच मला हवं होतं.

"हो सर," मी म्हणाले.

आता ते आत येतील, खुर्ची ओढतील आणि स्वतः पुन्हा करतील अशी मी वाट पाहत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग "बरं" म्हणाले आणि दारातून गेले.

मला वाटलं, मी जिंकले.

त्या यादीत मी नावातलं एक अक्षर चुकीचं टाइप केलं होतं.

आमच्याकडे रशीद नावाचा ऑपरेटर होता. कामठीचा, घरी पॉवरलूम. लूमच्या खडखडाटात वाढल्यामुळे त्याला मशीनच्या आवाजावरून कळायचं की कुठली टेप फिरते आहे. पाठ फिरवूनही सांगायचा, "मॅडम, दोन नंबर की टेप रो रही है," आणि खरंच दोन नंबरची अडकलेली असायची. रोज बसनं यायचा. शुक्रवारी दुपारी तासभर नमाजला जायचा आणि त्याबदल्यात सगळ्यांच्या आधी येऊन दिवसभराच्या टेपा लावून ठेवायचा.

नव्या टेपनंतर महिनाभरानं एका मंगळवारी वीज गेली. रशीदनं मशीन पुन्हा उठवलं, वेळ विचारली तिथे वेळ भरली, सगळं सुरू झालं. तिसऱ्या पाहुण्याचा मदतनीस मात्र उठला नाही. त्याचं घड्याळ थोडं थोडं मागे पडत गेलं. कोणी पाहिलं नाही. भिंतीवर घड्याळ होतं, पाहुण्याच्या आतलं कोण बघणार?

त्या आठवड्यात मी मावसबहिणीच्या लग्नासाठी रजेवर होते. परतले तर केंद्रात कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

भरतीच्या यादीत अकरा जणांचे गुण वाढलेले निघाले होते. उत्तरपत्रिकेवर एक, यादीत दुसरे. एका नापास उमेदवाराच्या वडिलांनी तक्रार केली आणि चौकशी लागली. तिसऱ्या पाहुण्याच्या नोंदीत स्पष्ट होतं की शुक्रवारी दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी परीक्षा विभागाच्या खात्यातून गुण बदलले गेले. त्या खात्याचा परवलीचा शब्द तिघांना ठाऊक होता. परीक्षा विभागाचे अधिकारी, रशीद आणि मी. मी गावाला होते. गेटवरच्या रजिस्टरप्रमाणे अधिकारी साडेबारा ते सव्वा एक जेवायला बाहेर होते. रशीद एक वाजून पाच मिनिटांनी नमाजला निघाला होता. म्हणजे बारा पन्नासला खोलीत तो एकटाच.

रशीदला निलंबित केलं. टेबल आवरताना तो मला म्हणाला, "मॅडम, मैंने छुआ भी नहीं. आप तो मानती हैं ना?" मी मान हलवली. पण खरं सांगते, माझ्याही मनात आलं होतं की यंत्र खोटं कशाला बोलेल? बाकीच्यांच्या मनात काय होतं ते तर ते बोलूनच दाखवत होते. 'कामठीवाला' हा शब्द त्या आठवड्यात ज्या सुरात ऐकला, तो सूर मला ओळखीचा होता.

केंद्राच्या संचालकांनी बैठक घेतली आणि साहेबांना विचारलं, "तुमचा रशीदवर संशय आहे का?"

"आहे."

परीक्षा अधिकारी मागे रेलून बसले.

"याइच्यावरबी आहे," साहेब त्यांच्याकडे बोट करून म्हणाले. "या बाईवर आहे. तुमच्यावर आहे. माह्यावर आहे. संशय घ्या ना, पन सगळ्याइवर घ्या. एकट्यावर घेतला तर तो संशय नाई साहेब, तो डाव आहे."

त्यानंतर आठ दिवस त्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग होता. मशीनची प्रत्येक हालचाल छापलेले ते लांबच लांब घडीचे कागद. ते दोन वेगवेगळ्या ढिगांतले दोन कागद शेजारी ठेवत, ओळींवर पट्टी धरत आणि पुटपुटत. मी जाता-येता बघत होते. कशासाठी ते कळत नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं.

"हे पाहा. तिसरा पाहुना म्हनते, बारा पंचावन्नले मी यादी छापायले पाठवली." त्यांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "अन हे मोठं मशीन म्हनते, मले ते एक चाळीसले भेटली. पाहुना अन मशीन एकाच कपाटात. कागद एवढ्याशा जागेतून जायले पाऊन तास लागते का, बाई?"

मी दोन्ही कागदांवरच्या वेळा पुन्हा वाचल्या.

"याचं घड्याळ मागं होतं. पाऊन तास. म्हनजे गुन बदलले ते एक पस्तीसले. तवा रशीद मसजिदीत होता अन तो जेवून परत आला होता." 'तो' म्हणजे परीक्षा अधिकारी, हे सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी आपली वही उघडली. टेप बसवली त्या दिवसाचं पान. पहिला पाहुणा, पुन्हा पाहिला. दुसरा, पुन्हा पाहिला. चौथा, पुन्हा पाहिला. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं, 'बाईंनी पाहिलं. मी पाहिलं नाही.'

"बंद करून चालू करून पाह्यलं होतं ना तुमी?"

"नाही सर."

बाहेर कोणीतरी प्रिंटरचा कागद फाडत होतं. त्यांनी वही मिटली. मी शिव्यांची वाट पाहत होते. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "मंग 'हो' काहून म्हटलं?"

इतक्या दिवसांचं सगळं माझ्या ओठांवर आलं. "तुम्ही माझंच काम इतकं तपासता म्हणून. मी कोण आहे, कुठून आले, म्हणून तपासता, असं मला वाटलं."

त्यांना ते समजायला वेळ लागला. खरोखरच लागला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ते हळूच म्हणाले, "तुमचं चुकतच नव्हतं, बाई. बाकीच्याइचं कुठं चुकते ते मले तोंडपाठ आहे. तेवढंच पाहतो अन सोडतो. तुमचं एकदाबी सापडलं नाई. मंग संशय येनार नाई तं काय?"

हसावं की रडावं ते मला कळेना. मी दोन्ही केलं नाही.

"लिहून आना," ते म्हणाले. "तुमच्या हातानं. मी माहं लिहितो."

घरी गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. शेवटी जे खरं भय होतं तेही सांगितलं. "बाबा, ते म्हणतील, पाहा, या लोकांना घेतलं की असंच होतं."

बाबा म्हणाले, "म्हनतील. तू नाई लिहिलं तरी म्हनतीलच. पन त्या पोराचं घर बसलं ना तुह्या एका 'हो' नं? लिही."

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद संचालकांसमोर गेले. माझा दीड पानांचा होता. साहेबांचा तीन ओळींचा. 'तिसऱ्या पाहुण्याचं घड्याळ मागे होतं. मदतनीस उठत नव्हता. तपासणीची जबाबदारी माझी होती, ती मी केली नाही.' त्यात माझं नाव कुठेही नव्हतं. संचालकांनी विचारलं, "तुम्ही? तुम्ही तपासलं नाही?" त्यांच्या आवाजात अविश्वास होता, आणि पहिल्यांदाच साहेबांना तो झेलावा लागत होता. "नाई तपासलं," ते म्हणाले.

परीक्षा अधिकारी आधी हसले, मग चिडले, मग त्यांनी मुद्दा काढला की घड्याळ मागे होतं याला पुरावा काय, कारण आता तर ते बरोबर आहे. ते खरं होतं. चौकशीसाठी मशीन पुन्हा उठवलं तेव्हा वेळ नव्यानं भरली गेली होती. साहेबांनी सांगितलं, "मंग वाट पाहा." मदतनीस न उठवता तिसरा पाहुणा तीन दिवस तसाच चालू ठेवला. संचालक स्वतः रोज सकाळी येऊन त्याचं घड्याळ आपल्या मनगटाशी ताडून बघत. तिसऱ्या दिवशी ते अर्ध्या तासाहून अधिक मागे होतं. परीक्षा अधिकारी त्या दुपारी आलेच नाहीत. पुढे त्यांनी कबूल केलं. परीक्षा रद्द झाली आणि पुन्हा घेतली गेली.

रशीद परत आला. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी जे दोघं 'कामठीवाला' म्हणत होते त्यांनीच त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो बसला, चहा प्याला. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. "आपने लिख के दिया, ये मालूम है मुझे," एवढंच म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि ते बरोबरच होतं. चार महिन्यांनी त्यानं राजीनामा दिला आणि कामठीत पॉवरलूम दुरुस्तीचं काम सुरू केलं. मशीन कशामुळे रडतं हे त्याला अजूनही ऐकूनच कळे.

माझ्या सेवापुस्तकात ताशेरा आला. साहेबांना सिस्टीम विभागातून काढून स्टेशनरीच्या गोदामात बसवलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. लोकांना वाटलं ते खचतील. ते गोदामातला प्रत्येक खोका फोडून बघत बसले आणि दोन महिन्यांत दाखवून दिलं की कार्बन पेपरच्या निम्म्या पेट्यांत कार्बन नाही. माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागले. निरोपसमारंभात हार घालून घेण्याआधी त्यांनी तो उलटा करून पाहिला.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्याचं कळलं. मी कामठीला रशीदला निरोप दिला. तो येईल असं वाटलं नव्हतं. पण ठरल्या वेळी तो मोटरसायकल घेऊन दारात उभा होता.

गावातलं घर साधं, मागे बाग. दार वाजवलं तर आतून आवाज आला, थोडा जड झालेला, "कोन?"

"सर, मी."

"मी म्हनजे कोन?"

नाव सांगितलं. "सोबत कोन आहे?" तेही सांगितलं. मग कडी निघाली. डावा हात लुळा पडला होता, काठी टेकत चालत होते. रशीदला बघून त्यांची मान थोडी हलली. डॉक्टरच्या गोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, त्या ते आधी कागदावर मांडून रंग ताडून बघत, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मग विहिरीवरच्या मोटरपंपाचा विषय निघाला. तो दोन दिवसांपासून पाणी धरत नव्हता आणि गावच्या मिस्त्रीवर त्यांचा संशय होता. रशीद म्हणाला, "चलिए, सुनते हैं." दोघं बागेत गेले, एक काठी टेकत आणि एक त्याच्या पावलाला पाऊल जुळवत.

मी आत स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोपाशी बसले. ठेंगणी, गोरी, बोलकी बाई. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच भेटत होते. त्यांनी चहा टाकला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुमीच का त्या इंदोऱ्याच्या?"

"हो."

"तुमचं नाव लय ऐकलं. एकदा हे भर दुपारी घरी आले पाहा. मी घाबरली ना! म्हटलं काहून, तब्येत बिघडली का, मशीन बंद पडली का? तं म्हनते, नाई, त्या पोरीनं काम करून ठेवलं, आज मले पाह्याची गरज नाई." त्या हसल्या. गॅस बारीक केला. "तुमाले सांगते बाई, लग्नाले एकतीस वर्सं झाले होते. त्या दिवशी पयल्यांदा मले घेऊन तलावावर गेले फुटाळ्याच्या. भेळ घेतली. तेबी न पाहता खाल्ली याइनं, पुडी उघडली अन खाल्ली. मी म्हटलं, आज सूर्य कुठून उगवला? तं म्हनते, राहू दे ना, आज बरं वाटून राहिलं."

मागे बागेत मोटार घुरघुरली, थांबली, पुन्हा घुरघुरली आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. रशीद काहीतरी ओरडून म्हणाला आणि साहेबांचं हसू ऐकू आलं.

बाईंनी चहाचा कप माझ्या हातात दिला. तो कोणता दिवस होता, हे मी त्यांना विचारलं नाही.